वणव्यात गुरं-माणसं गेलेल्या रँचवाल्यांकडे भेटायला जायचंय, काय बोलायचं?

अमरिलोची_सून (१२ मार्च २०२४)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र वाटेल, पण इथे अमेरिकेतले आणि गावाकडचे दोन्ही लोक आहेत म्हणून इथेच विचारते.

आम्ही टेक्सासच्या वरच्या टोकाला राहतो, पॅनहँडल म्हणतात त्या भागात, अमरिलोला. २६ फेब्रुवारीला इथून उत्तरेला स्टिनेट गावाजवळ वणवा लागला. स्मोकहाउस क्रीक फायर, बातम्यांत पाहिलं असेल. आता बराचसा आटोक्यात आलाय पण साडेदहा लाख एकर जळून गेलंय, म्हणजे अख्ख्या गोव्याहून जास्त. टेक्सासच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. आमच्याकडे फक्त धूर आणि राख आली. भारतातून जेवढे फोन आले ते सगळे पँटेक्सबद्दल, कारण इथे जवळच अण्वस्त्रांचा कारखाना आहे आणि तो २७ तारखेच्या रात्री बंद करून लोकांना घरी पाठवलं होतं. गुरांबद्दल एकानेही विचारलं नाही. मीही नसतं विचारलं खरं तर.

मी एका क्लिनिकमध्ये बिलिंगला आहे. माझ्या बाजूच्या टेबलवर एक पन्नाशीची बाई बसते, तिचं सासर कनेडियनजवळ (देश नव्हे, गावाचंच नाव ते, नदीवरून पडलंय). दोन-तीन पिढ्यांची रँच, म्हणजे गुरांची मोठी कुरणं. घर वाचलं, कुरण सगळं गेलं, कुंपण गेलं, गाई किती गेल्या ते तिने सांगितलं नाही. दीर व्हॉलंटिअर फायर डिपार्टमेंटला आहे, म्हणजे पगार नाही, गावातलेच लोक पेजर वाजला की पळतात. ५ मार्चला फ्रिच गावचे फायर चीफ वारले ना, आठवडाभर वणव्याशी झुंजून झाल्यावर एका पेटलेल्या घरात शिरले आणि तिथेच गेले, त्यांना दीर ओळखायचा. त्याच्या आधी दोन बायका गेल्या, एक त्र्याऐंशी वर्षांची आजी आणि एक ट्रक चालवणारी, ती रस्त्यातच आगीत सापडली.

तर ही बाई काल कामावर आली, कॉम्प्युटर लावला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली की नवरा आणि मुलगा मिळून भाजलेल्या गाईंना गोळ्या घालत होते म्हणून मला सुट्टी वाढवावी लागली. मी नुसतं सॉरी सॉरी म्हणत बसले. मग तिनेच विषय बदलून मला एका पेशंटच्या क्लेमबद्दल विचारलं.

शनिवारी आम्ही दोघं तिच्या घरी जाणार आहोत, तिने या म्हटलंय. आपल्याकडे सांत्वनाला जायचं म्हणजे काय करायचं ते माहीत असतं, जाऊन बसायचं, फार बोलायचं नाही, निघताना येते म्हणायचं नाही. इथे काय? काही न्यायचं का, पैसे द्यायचे का? गुरांबद्दल विचारायचं का? माणसं गेलेली असताना गाईंचं दुःख काढलं तर वाईट दिसेल का? आणि नवरा म्हणतोय विमा असेलच की, त्याचं विचारू. मला ते बरोबर वाटत नाहीये.

ढोरडॉक्टर_कॅन्सस

ताई, मी पश्चिम कॅन्ससमध्ये मोठ्या जनावरांचा डॉक्टर आहे, शिक्षण परभणीचं आणि मग इकडचं. २०१७ च्या ६ मार्चला इथे स्टारबक फायर झाली तेव्हा मी नवीन होतो. ओक्लाहोमात बीव्हर काउंटीत पेटली आणि वाऱ्याबरोबर सीमा ओलांडून इकडे आली, सहा लाख एकरांच्या वर, क्लार्क काउंटीचा तर बहुतेक भाग काळा झाला होता. म्हणून लिहितो, लांबेल.

पहिली गोष्ट, किती गुरं गेली हे विचारू नका. सहानुभूतीनेसुद्धा नाही. या मुलखात रँचवाल्याला तुमच्याकडे किती जनावरं, किती एकर असं विचारणं म्हणजे तुमचा बँक बॅलन्स किती असं विचारण्यासारखं आहे. त्याने स्वतःहून सांगितलं तर ऐकून घ्या. तुमच्या मैत्रिणीने आकडा सांगितला नाही त्याचं कारण तेच असणार, शिवाय अजून मोजदाद संपलीही नसेल.

दुसरं, विम्याचं तर अजिबात काढू नका, मिस्टरांना आधीच सांगून ठेवा. घराचा असतो, गोठ्या-शेडचा असतो, पण मैलोन्‌मैल काटेरी तारेचा आणि गवताचा विमा बहुतेकांचा नसतोच. नवीन कुंपणाला मैलाला दहा हजार डॉलरच्या आसपास लागतात आणि एका रँचला किती मैल असेल त्याचा तुम्हीच अंदाज करा. सरकारची योजना आहे, लाइव्हस्टॉक इन्डेम्निटी प्रोग्रॅम, मेलेल्या जनावराच्या बाजारभावाच्या ७५ टक्के देतात. पण २०२४ च्या मार्चपर्यंत तरी पोटातलं वासरू त्यात धरत नव्हते. आणि फेब्रुवारी-मार्च म्हणजे नेमका गाई वीत असतात तो काळ. निम्म्या गाई गाभण, निम्म्यांच्या पायाशी आठ दिवसांचं वासरू.

आणि ते पैसे मिळवायला पुरावा लागतो. म्हणजे काय होतं सांगतो. माणूस पिकअप घेऊन कुरणात फिरतो, सोबत बायको नाहीतर शाळेतला मुलगा वही घेऊन. गाई कुंपणाच्या कोपऱ्यात ढीग पडल्यासारख्या पडलेल्या असतात कारण आग मागे लागल्यावर वाऱ्याच्या दिशेने पळत पळत तारेपाशी येऊन अडकल्या. प्रत्येकीचा फोटो काढायचा, कानातला टॅग वाचायचा. टॅग वितळलेला असतो. मग पोरगं चेहऱ्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून, शिंगावरून ओळखतं, ही अमुक साली आपण बाटलीने पाजलेली. मी अशा तीन कुरणांत दाखले लिहीत फिरलोय. कुणी रडत नव्हतं. एका म्हाताऱ्या रँचरने मला फक्त एवढंच विचारलं की डॉक्टर, दुपारचं जेवलास का.

ज्या जिवंत राहतात त्यांचं जास्त वाईट. कास भाजलेली असते, सड जळून गेलेले, वासरू ढुशा देतं आणि गाय लाथा मारते. खुरांच्या वरची कड भाजली की त्या दिवशी गाय चालताना दिसते, पण हप्त्या-दोन हप्त्यांत खूर सुटून येतं. म्हणून तुमच्या मैत्रिणीच्या घरी गोळ्या घालणं पहिल्या दिवशी संपलं नाही. रोज सकाळी एक फेरी, आज कोण उठत नाही ते बघायचं. हे काम दुसऱ्याला देता येतं, शेजारी येतो म्हणतात, पण बहुतेक जण देत नाहीत. स्वतःच्या गाईला स्वतःच.

माणसं गेली असताना गाईंचं बोललं तर वाईट दिसतं का, असं विचारलंत. इथे या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. त्याच २०१७ च्या ६ मार्चला तुमच्या पॅनहँडलमध्येच मॅक्लीनजवळ तिघं जण गेले, सगळ्यात लहान वीस वर्षांचा. गुरं बाहेर काढायला गेले होते. त्या तिघांबद्दल बोलताना इथे कुणीही गुरांचं नाव टाळत नाही, कारण ते काय करत होते हे सांगितल्याशिवाय ते कोण होते हे सांगता येत नाही.

सरळसोट

कुणाचं मन दुखवायचं नाही पण मला एक कळत नाही, या गाई शेवटी कत्तलखान्यातच जायच्या ना? पाच-सहा महिन्यांनी विकणारच होते. मग एवढं "स्वतःच्या गाईला स्वतःच" वगैरे जरा सिनेमॅटिक नाही का वाटत? धंद्यातलं नुकसान झालं, वाईट झालं, पण त्याला शोक म्हणायचं? आणि वीस वर्षांच्या पोराने दुसऱ्याच्या गुरांसाठी जीव द्यायचा हे तर सरळ चुकीचं आहे, मालकाने पाठवलंच कसं.

पारनेरकर_मेंढरं

सरळसोट भाऊ, तुम्ही कधी जनावर राखलेलं नाही हे कळलं, राग मानू नका.

आमच्याकडं मेंढरं. बकरी ईदच्या आधी बोकड विकतो, लोणंदच्या बाजारात मेंढरं नेतो, कापायलाच जातात माहीत असतंय. पैसे मोजून घेतो, घरी येतो, जेवतो. रडत बिडत नाही कुणी. पण २०२१ च्या डिसेंबरात तो अवकाळी पाऊस आला नि गारठा पडला ना, जुन्नर आंबेगाव पारनेर सगळीकडं मेंढरं थंडीनं काकडून मेली, उघड्या माळावर वाडगी होती, रातभर पाऊस, वारा, आडोसा नाही. सकाळी बघतोय तर जाळीच्या आत एकावर एक. माझा चुलता साठीचा माणूस, हातात काठी घेऊन तसाच उभा दुपारपर्यंत, त्याला हाक मारली तरी ओ देईना. त्यातली निम्मी तो पुढल्या महिन्यात विकणारच होता की. मग कशाला उभा राहिला?

विकणं आपल्या हातानं असतंय. तेवर त्याला पाला, पाणी, लांडग्यापासून राखण, हे सगळं आपल्याकडं असतंय आणि ते आपल्याकडून झालं पाहिजे असतंय. आता यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही.

पंचनाम्याचं म्हणाल तर डॉक्टर सायबांनी लिवलंय तसंच, आमच्याकडंही तलाठी येईपर्यंत मेलेलं उचलायचं नाही. कुत्री हाकलत बसायचं. अमेरिकेतबी हेच आहे वाचून बरं वाटावं का वाईट कळेना.

आणि ते पोरगं. मालकानं पाठवायला लागत नाही हो. मेंढरं पळाली की पाय आपोआप पळतात.

ढोरडॉक्टर_कॅन्सस

पारनेरकर, 🙏

सरळसोट, तुमच्या धंद्याच्या मुद्द्यात एक तपशील चुकतोय. विकली जातात ती वासरं. गाय नाही विकत, ती दहा-बारा वर्षं त्याच कुरणात असते, दरवर्षी एक वासरू देते. तिला पाणी कुठे, आडोसा कुठे, बर्फ पडलं की कुठल्या ओढ्यात शिरायचं हे सगळं माहीत असतं आणि ती पोरीला शिकवते. आज्याने निवडलेल्या वळूपासूनची ओळ असते ती. बाजारातून दुसरी गाय आणता येते पण तिला ते कुरण माहीत नसतं. शिवाय २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेत गुरांची एकूण संख्या १९५१ नंतर सगळ्यात कमी होती, भाव गगनाला भिडलेत, आणायची म्हटली तरी कुठून आणणार.

वारा_आणि_पाऊस

थोडं तांत्रिक. मी हवामानाचा विद्यार्थी, ओक्लाहोमात. "पोरांनी जायलाच नको होतं" असं म्हणणाऱ्यांसाठी, कारण तिथे माणूस बेसावध का सापडतो ते लोकांना कळत नाही.

या वणव्यांचा एक ठरलेला साचा आहे. आदल्या वर्षी पाऊस बरा झालेला असतो म्हणजे गवत भरपूर (२०२३ मध्ये तसंच झालं), मग हिवाळ्यात ते मरून वाळून उभं राहतं आणि नवीन हिरवं यायच्या आत फेब्रुवारी-मार्चमध्ये एक दिवस असा येतो की उन्हाळ्यासारखं गरम, हवेत ओल नाही आणि पश्चिमेचा-नैर्ऋत्येचा वारा ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. त्या दिवशी ठिणगी पडली की आग पूर्वेकडे लांब चिंचोळ्या पट्ट्यासारखी धावते. जे बाजूला राहतात त्यांना वाटतं आपण वाचलो. मग उत्तरेकडून थंड हवेचा फ्रंट येतो, वारा एकदम फिरतो आणि त्या लांब पट्ट्याची अख्खी दक्षिणेकडची बाजू आगीचं तोंड होऊन बसते. म्हणजे आधी चार-पाच मैल रुंद आग होती ती काही मिनिटांत वीस-तीस मैल रुंद. २६-२७ फेब्रुवारीला हेच झालं, २०१७ ला हेच झालं. धुरात दिशा कळत नाही, गवताची आग पिकअपला मागे टाकते. शूरपणा किंवा मूर्खपणा दोन्ही नाही, वारा फिरला एवढंच.

२००६ च्या मार्चमध्ये पण ईस्ट अमरिलो कॉम्प्लेक्स म्हणून झाली होती, नऊ लाख एकर, १२ माणसं गेली, त्यातली काही तर हायवेवर धुरात गाड्या एकमेकांवर आदळून. म्हणजे अमरिलोताई, तुमच्याकडच्या पन्नाशीच्या बाईने असे तीन मोठे वणवे पाहिलेत. तिच्या साध्या आवाजाचं कारण ते पण असेल.

यावेळचं कारण विजेचा कुजलेला खांब पडला असं सांगतायत. वीज कंपनीने ७ तारखेला स्वतः म्हटलंय की आग लागण्यात आमच्या सामानाचा संबंध दिसतो, निष्काळजीपणा मात्र मान्य केलेला नाही. तिथे हा विषय निघेल, सगळे रागावलेले असतील. तुम्ही मत देऊ नका, कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालतील.

जाता जाता, आपल्याकडे सह्याद्रीत वनखातं जाळरेषा काढतं तसं इथले शेतकरी ट्रॅक्टरला डिस्क लावून आगीच्या पुढे पट्टा नांगरतात, रात्री, धुरात, कुणी सांगितलेलं नसताना. त्याबद्दल बातम्यांत ओळ येत नाही.

डॅलसची_मावशी

अगं अमरिलोच्या सुने, हे सगळे विद्वान बोलून झाले, तुझा प्रश्न जेवणाचा होता ना 😊 मी तीस वर्षं टेक्सासात आहे, त्यातली आठ छोट्या गावात, मिस्टर तिथल्या हॉस्पिटलला होते.

फुलं नेऊ नकोस. खायचं ने. इथे कुणाकडे वाईट झालं की लोक कॅसरोल (आपला डबा नव्हे, ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ) आणून ठेवतात, इतकी की फ्रीज बंद होत नाही. म्हणून मुद्दाम वेगळं काहीतरी ने, जे उभ्या उभ्या हातात धरून खाता येईल. दिवसभर बाहेर असतात ती माणसं. मी एकदा बटाटेवडे नेले होते, तिखट अगदी कमी, सोबत पाव. ट्रकच्या बॉनेटवर ठेवून खाल्ले त्यांनी आणि पुढे वर्षभर "ते पोटॅटो बॉल" म्हणून विचारायचे. भांडं टाकाऊच ने, नाहीतर त्या बाईला परत करायचं टेन्शन. आणि दाराशी ठेवून निघायची तयारी ठेव, त्यांनी बस म्हटलं तरच बस.

ते जेवायला बसताना प्रार्थना करतील, हात धरतील, धर. एवढंच. आपण काय वेगळ्या धर्माचे वगैरे कुणी विचारत नाही अशा वेळी. फायर चीफचं नाव निघालं तर गप्प राहून ऐक, छोट्या गावात तो माणूस कुणाचा तरी कोच, कुणाचा तरी शेजारी असतो, त्यांना आपापली गोष्ट सांगायची असते.

पैसे हातात अजिबात देऊ नकोस! ते घेणार नाहीत आणि तुझी पण पंचाईत. द्यायचेच तर टेक्सासच्या कृषी खात्याचा स्टार फंड आहे, तो रँच-शेतीवाल्यांसाठीच आहे, नाहीतर अमरिलोच्याच फाउंडेशनचा पॅनहँडल डिझास्टर फंड. तिथे दे आणि तिला सांगू पण नकोस. जुने कपडे तर कृपया कुणी पाठवू नका, मागच्या वेळी चर्चच्या हॉलमध्ये डोंगर झाला होता आणि गुरांना खायला गवत नव्हतं.

सरळसोट

पारनेरकर, डॉक्टर, वाचलं. कोर्टाचं सोडा, मला एक सांगा, आता त्या उरलेल्या गाईंना खायला काय घालतात मग? सगळं कुरण जळलं तर?

ढोरडॉक्टर_कॅन्सस

चांगला प्रश्न. दुसऱ्या राज्यांतून येतं. २०१७ ला मिशिगन, ओहायोपासून ट्रक आले होते, गवताचे गोल गट्ठे लादून, झेंडे लावून, ओळीने. डिझेलसकट स्वतःच्या खर्चाने, वीस-वीस तास गाडी चालवून. अशा मदतीला परत फेड वगैरे नसते, पण हिशोब मात्र पक्का लक्षात असतो. आता २०२४ ला पॅनहँडलमध्ये कॅन्ससचे ट्रक निघालेत त्यातले काही जण मला माहीत आहेत, त्यांच्याकडे तेव्हा आले होते. आई मेलेल्या वासरांना तेव्हा ४-एच ची (गावाकडच्या शाळकरी मुलांची संघटना) पोरं घरी घेऊन गेली, बाटलीने दूध पाजून वाढवली आणि कुंपण उभं राहिल्यावर परत नेऊन दिली.

गवत स्वतः लवकर उठतं, पाऊस पडला तर महिन्याभरात हिरवं दिसायला लागतं. मुळं खोल असतात. पण त्यावर गुरं लगेच सोडता येत नाहीत आणि सोडायला कुंपण लागतं. खरी अडचण कुंपण. लाकडी खांब जळून जातात, लोखंडी उभे राहतात, पण तारेचा ताव गेलेला असतो, ओढली की कटकन तुटते. ती सगळी काढून गुंडाळून फेकायची आणि नवीन ताणायची.

अमरिलोची_सून

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मिस्टरांना वाचायला दिलं, विम्याचा विषय बंद 😅 मावशी, वडे ठरले.

आज लंचला तिला सहज म्हटलं की शनिवारी येतोय तर काही काम असेल तर सांग, आम्हाला गुरांतलं काही येत नाही पण हात आहेत. तिने पहिल्यांदा नको म्हटलं. मग संध्याकाळी निघताना म्हणाली की जळलेली तार गुंडाळायला माणसं कमी पडतायत, चर्चमधले काही जण येतायत, तुमचा नवरा आला तर चालेल. मी म्हटलं मी पण येते. तर हसली, आठवड्यात पहिल्यांदा. आता डॉक्टर, तार गुंडाळायला काय लागतं ते सांगा, आम्ही दोघं पुण्याचे, आयुष्यात काटेरी तारेला हात लावलेला नाही.

ढोरडॉक्टर_कॅन्सस

चामड्याचे जाड हातमोजे, बागकामाचे कापडी नाही, प्रत्येकी दोन जोड कारण एक दुपारपर्यंत फाटतो. जीन्स, पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, घोट्याच्या वर जाणारे बूट. चष्मा घालत नसाल तर साधा सेफ्टी गॉगल घ्या, तार तुटली की चाबकासारखी परत येते, म्हणून कुणी ताणत असेल तर त्या रेषेत उभं राहायचं नाही. राख उडते, मास्क ठेवा. पाणी स्वतःचं न्या. तुटलेले छोटे तुकडे आणि खिळे जमिनीवर सोडू नका, नंतर गाई गवताबरोबर गिळतात आणि पोटातून हृदयापर्यंत जातात, ते वेचायला एक बादली लागेल, ताई ते काम तुम्ही घ्या, त्याला डोळे लागतात, ताकद नाही.

आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंय? दहा वर्षं झाली असतील तर शुक्रवारी क्लिनिकमध्येच घेऊन टाका दोघंही.